हेस्टरच्या स्वयंपाकघरातली वाट

त्या आठवड्यात हेस्टर टॅपस्कॉटने आपल्या स्वयंपाकघराची फरशी रोज धुतली, काही दिवशी दोनदा. फरशी काही तेवढी मळत नव्हती. पण हात थांबले की डोकं चालू व्हायचं, आणि डोकं चालू झालं की ती एका दारातून बाहेर जाऊन फाटकावरची नोटीस वाचून यायची, दुसऱ्या दारातून बाहेर जाऊन चर्चकडे जाणारी वाट बघून यायची, आणि मग पुन्हा बादली भरायची.

इंग्लंडातल्या मॅलकूम गावच्या गढीला पुरुषभर उंचीची भिंत आहे आणि हेस्टरचं घर त्या भिंतीतच बसवलेलं, फाटकाला खेटून. घराचं एक दार गावाच्या रस्त्यावर उघडतं, दुसरं गढीच्या आवारात. मधे स्वयंपाकघर. तिचे वडील जेबेझ इथले फाटकवाले होते. त्यांच्याकडून फाटकाची किल्ली तिच्याकडे आली. साठी उलटली तरी ही बाई आपल्या घरात एका जागी बसलेली कोणी पाहिली नव्हती. चहासुद्धा उभ्यानेच प्यायची. पायाला भिंगरी, आणि काम मात्र फाटक राखायचं, म्हणजे जागचं न हलण्याचं. माणसं नेमताना देव कधी कधी अशी गंमत करतो, आणि ज्याची होते त्याला ती गंमत वाटत नाही.

नोटिशीत लिहिलं होतं की फाटकापासून चर्चपर्यंतची वाट गढीच्या नव्या मालकांना कायमची बंद करायची आहे, गावाची त्याला हरकत आहे, आणि गुरुवारी गावच्या हॉलमध्ये सरकारी निरीक्षक दोन्ही बाजू ऐकून घेतील.

चर्च भिंतीच्या आत आणि गाव भिंतीच्या बाहेर हे पाहून नवख्या माणसाला मॅलकूमचे लोक वेडे वाटतात. वेडे ते नव्हते. दोनशे वर्षांपूर्वी गाव चर्चच्या भोवतीच होतं. त्या वेळच्या लॉर्डसाहेबांना गढीच्या खिडकीतून धुरांडी दिसायची, धूर दिसायचा, दोरीवर वाळत घातलेली गावाची अंतर्वस्त्रं दिसायची. त्यांना तळं दिसायला हवं होतं. मग एका उन्हाळ्यात त्यांनी गाव पाडलं, टेकडीच्या पलीकडे सगळ्यांना एका रांगेत एकसारखी घरं बांधून दिली आणि जुन्या गावाच्या जागी पाणी सोडलं. चर्च तेवढं वाचलं, कारण बिशप ऐकेना. मेलेली माणसं आत राहिली, जिवंत बाहेर गेली, आणि दोघांच्या मधे ही वाट राहिली.

आता रोज चालणारा माणूस वाटेला आपली म्हणायला लागतोच, आणि तिथल्या कायद्याची खोड अशी की कोणी न अडवता वीसेक वर्षं लोक चालत राहिले तर ती खरोखरच त्यांची होते. गढीच्या कारभाऱ्यांना हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून दरवर्षी फेब्रुवारीतल्या पहिल्या मंगळवारी फाटकाला कुलूप. एकच दिवस. तेवढ्याने सिद्ध होतं की उरलेलं वर्ष तुम्ही चालता ती मालकाची मेहेरबानी.

जेबेझने ते कुलूप कधी चुकवलं नाही. पण हेस्टर लहान असताना अशाच एका मंगळवारी एक विधवा हातात फुलं घेऊन फाटकाशी आली. नवऱ्याला जाऊन बरोबर वर्ष झालं होतं. जेबेझ म्हणाला, फाटक उघडायचा मला हुकूम नाही, बाई, माझ्या स्वयंपाकघराबद्दल मात्र मला कोणी काही सांगितलेलं नाही. ती एका दाराने आत आली आणि दुसऱ्या दाराने आवारात गेली. पुढच्या वर्षी चौघं-पाचजण आले. मग सगळं गाव यायला लागलं, काम असो नसो. हेस्टरची आई बेदाणे घातलेले गोड पाव भाजून ठेवायची, आईमागे हेस्टर ठेवायला लागली, आणि मालकाची मालकी सिद्ध करायचा दिवस बघता बघता गावाचा सण होऊन बसला.

येणारा प्रत्येक जण दारात थांबायचा, पायपुसण्यावर बूट पुसायचा आणि विचारायचा, "येऊ का, हेस्टर? तुला अडचण होणार नसेल तर." अडचण होणार नाही हे त्याला माहीत, तिला माहीत, रांगेतल्या मागच्या दहा जणांना माहीत. तरी विचारायचा. इंग्रज माणूस पाण्यात बुडत असला तरी काठावरच्याची आधी तसदीबद्दल माफी मागेल, आणि मॅलकूमची माणसं त्यातलीही कडवी.

अपवाद एकच, रूबेन गिलार्ड. झुडपांची कुंपणं विणायचं काम करणारा, हेस्टरपेक्षा थोडा मोठा, बिनलग्नाचा. तो दार ठोठावायचा नाही, टोपी काढायचा नाही, बूट पुसायचा नाही. आत शिरायचा, जाता जाता ताटातला एक पाव उचलायचा आणि या दारापासून त्या दारापर्यंत चिखलाचे ठसे सोडून निघून जायचा. "बूट पूस, रूबेन," हेस्टर म्हणायची. तो ऐकल्यासारखंही करायचा नाही. गावाने त्याला केव्हाच रानटी ठरवून टाकलं होतं, आणि हेस्टरही त्यात सामील होती, कारण ते ठसे घासायला बाकीचं गाव येत नव्हतं.

तरुणपणी ती इथून निघून जाणार होती. ब्रिस्टलला एका हॉटेलात कपड्यांच्या विभागात काम मिळालं होतं, बॅग भरून झाली होती, आणि त्याच आठवड्यात जेबेझची उजवी बाजू लुळी पडली. फाटक कोणीतरी उघडायला हवं होतं. बॅग माळ्यावर गेली ती तिथेच राहिली. पुढे तिने गढीच्या बागेत काम करणाऱ्या विल्फशी लग्न केलं. तो अगदी उलट स्वभावाचा, बसला की बसला. ती खोलीभर येरझाऱ्या घालायला लागली की तो म्हणायचा, "तू फिर. मी इथेच आहे." आता तो चर्चच्या मागे दफनभूमीत यूच्या झाडाखाली होता, आणि खरोखरच तिथेच होता. रोज संध्याकाळी हेस्टर ती वाट चालून त्याच्याकडे जायची. तिथल्या दगडी कट्ट्यावर टेकायची. साऱ्या जगात तेवढ्या एका जागी तिचे पाय आपोआप थांबायचे.

वाट बंद झाली तर गढीला वळसा घालून मागच्या दरवाजाने जावं लागणार होतं, म्हणजे दोन बस, आणि तो दरवाजाही फक्त रविवारी प्रार्थनेपुरता उघडणार होता. आठवड्यातून एक दिवस स्वस्थ बसायला मिळणार आणि बाकीचे सहा दिवस नाही, हा विचार आला की हेस्टर बादली उचलायची.

गढी विकली गेली होती ती लॉर्डसाहेबांच्या घराण्यावर बसलेल्या मृत्युकरापायी. घेणारी लंडनची एक कंपनी. तिला तिथे श्रीमंत पाहुण्यांसाठी हॉटेल काढायचं होतं, आणि श्रीमंत पाहुण्यांना खिडकीतून तळं दिसायला हवं होतं, पिशव्या घेऊन चाललेल्या गावच्या बायका नव्हे. दोनशे वर्षांत खिडकीतल्या माणसाची आवड फारशी बदललेली नव्हती.

सोमवारी कंपनीचे वकील आले, मिस्टर थ्रेल. पायपुसण्यावर त्यांनी बूट दोनदा पुसले. आत येण्याआधी विचारलं, बसण्याआधी विचारलं, साखर घेण्याआधी विचारलं. हेस्टरला ते आवडले, हीच तर पंचाईत होती.

कुलूप दरवर्षी तुम्हीच लावत होता ना, असं त्यांनी विचारलं. न चुकता, ती म्हणाली, तापाने फणफणले असले तरी. मग त्यांनी स्वयंपाकघराचा विषय काढला आणि ती चपापली, कारण ते इस्टेटीत कोणाला माहीत असेल असं तिला वाटलं नव्हतं. पण थ्रेल रागावले नाहीत. उलट खुश दिसले.

"परवानगी मागून आलेला माणूस पाहुणा असतो, मिसेस टॅपस्कॉट," ते म्हणाले. "पाहुण्याचा हक्क होत नाही. कोणी तुमच्यादेखत न विचारता जात असता आणि तुम्ही त्याला जाऊ दिलं असतं, तर मात्र आमची पंचाईत होती. मग त्या कुलपाला काही अर्थच उरला नसता. पण सगळे विचारायचे ना?"

"बहुतेक सगळे."

थ्रेलनी कप खाली ठेवला. "बहुतेक?"

हेस्टरने चुलीवरची किटली विनाकारण इकडची तिकडे केली.

"मला 'सगळे' ऐकायला जास्त आवडेल," ते अगदी मऊ आवाजात म्हणाले. "हे घर तुम्हाला थोरल्या लॉर्डबाईंनी तहहयात दिलंय म्हणे. नुसतं तोंडी. कंपनी असे शब्द पाळते. घरचं माणूस घरच्यासारखं वागलं की शब्द पाळायला सोपं जातं."

जाताना त्यांनी आपला कप स्वतः विसळून ठेवला. हेस्टर त्या कपाकडे बराच वेळ बघत राहिली. धमकी इतक्या नीटनेटकेपणाने देता येते हे तिला आजवर माहीत नव्हतं.

संध्याकाळी मिस पिनॉक आली. ही गावची निवृत्त पोस्टमास्तरीण, गावाच्या बाजूची सगळी धावपळ तीच करत होती. ती उत्साहात होती. साक्ष द्यायला कोणकोण येणार ते तिने सांगितलं आणि म्हणाली, आम्ही सगळे एकजात सांगणार आहोत की इतक्या वर्षांत एकही माणूस न विचारता गेला नाही. आपण कसली माणसं आहोत ते निरीक्षकांना कळू दे.

"ते नका सांगू," हेस्टर म्हणाली.

"काय नको सांगू?"

"विचारायचात ते. विचारलं म्हणजे मेहेरबानी झाली. त्यांना तेच हवंय."

मिस पिनॉकच्या भुवया वर गेल्या. "मग काय सांगू? की आम्ही दुसऱ्याच्या घरात गुरांसारखे घुसायचो? हेस्टर, मी खोटी शपथ घेणार नाही, आणि तीसुद्धा स्वतःला असंस्कृत ठरवण्यासाठी तर मुळीच नाही." ती जरा दुखावूनच गेली. दारापाशी थांबून, उद्या पुन्हा आले तर चालेल ना, असं मात्र विचारायला विसरली नाही.

मग उरला रूबेन. त्याने स्वतः येऊन सांगितलं तर हेस्टरला तोंड उघडावं लागणार नव्हतं. वाटही वाचली असती आणि घरही. या विचाराने तिला मंगळवारी झोप लागली नाही आणि बुधवारी दुपारी ती त्याला शोधत निघाली. तो गिरणीच्या गल्लीत कुंपण विणत होता. झुडपाचं खोड कोयत्याने अर्धवट कापायचं, वाकवायचं, शेजारच्यात गुंतवायचं. कापलं तरी मरत नाही, आडवं वाढतं. हेस्टर त्याच्या कामाभोवती दोन फेऱ्या मारून आली आणि मग बोलली.

"उद्या हॉलवर ये, रूबेन. निरीक्षकाला सांग की तू कधी विचारलं नाहीस."

"आणि तो काय करणार?"

"तो ठरवणार वाट आपली की त्यांची."

रूबेनने एक खोड वाकवलं. "म्हणजे मी जाऊन त्याला विचारायचं, साहेब, वाट माझी आहे का?"

"विचारायचं नाही. सांगायचं."

"त्याने 'नाही' म्हटलं तर मी ऐकायचं ना? मग ते विचारणंच झालं." तो मान वर न करता बोलत होता. "आमचं घर त्या तळ्याखाली आहे, हेस्टर. कोरड्या उन्हाळ्यात पाणी ओसरलं की चुलीचे दगड दिसतात, आजोबांनी मला दाखवलेत. आपल्या चुलीकडे जायला मी तुझ्या बापाला विचारलं नाही, लॉर्डाला विचारलं नाही, आता टायवाल्याला विचारू? आजोबा थडग्यातून उठून मला त्याच तळ्यात बुडवतील."

हेस्टर संतापली. एवढ्या वर्षांचा चिखल तिच्या डोक्यात चढला. "चूल तुझी, कबूल. वाट तुझी, तेही कबूल. पण पाव? पाव काही तुझ्या आजोबांचा नव्हता. तो माझा होता. तोसुद्धा तू कधी विचारून घेतला नाहीस."

रूबेनचा हात थांबला. त्याने कोयत्याची धार अंगठ्याने चाचपली.

"एकदा तुझ्या दारात विचारलं असतं," तो शेवटी म्हणाला, "तर पावासाठी विचारलं की वाटेसाठी, हे वेगळं करत कोण बसलं असतं?"

 हेस्टरने सांगून टाकलं की मग मला बोलावं लागेल आणि माझं घर जाईल.

"मग नको बोलूस," रूबेन म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर तिला घरी जाणं सोपं गेलं असतं.

गुरुवारी हॉल ओल्या कोटांच्या वासाने भरला होता. निरीक्षक म्हणजे सर्दी झालेला एक किडकिडीत माणूस होता, सारखा रुमाल शोधत होता. गावातली माणसं एकामागून एक उठून बोलली. वाट किती जुनी, तिच्यावरून आमच्या लग्नाच्या वराती कशा गेल्या, प्रेतं कशी गेली, सगळं सांगितलं. थ्रेल प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत होते, आणि तोही अगदी अदबीने. कुलपाच्या दिवशी आपण मिसेस टॅपस्कॉटना विचारून जात होता का?

"अर्थातच," पाववाल्याची बायको म्हणाली.

"विचारल्याशिवाय? छे," चर्चचे व्यवस्थापक म्हणाले.

"आम्ही काही जंगली नाही," मिस पिनॉक म्हणाली, आणि समाधानाने खाली बसली.

प्रत्येक जण असाच समाधानाने खाली बसत होता, आणि प्रत्येक वेळी निरीक्षक काहीतरी टिपून घेत होते. पाचव्या की सहाव्या साक्षीनंतर मिस पिनॉकने त्यांच्या लेखणीकडे पाहिलं, थ्रेलच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि मग वळून मागे हेस्टरकडे पाहिलं. तिच्या गालांवरचा रंग उतरला होता. हेस्टर भिंतीपाशी उभी होती. तिला खुर्ची दिली होती, पण खुर्चीवर बसणं तिच्याच्याने झालं नसतं. रूबेन आला नव्हता.

तिला बोलावलं ते कंपनीच्या बाजूने. थ्रेलनी विचारलं, कुलूप लावत होता? लावत होते. दरवर्षी? दरवर्षी. लोक आपल्याला विचारून जायचे? विचारायचे. थ्रेल आभार मानून खाली बसले. त्यांनी 'सगळे' हा शब्द तिच्याकडून मुद्दाम वदवून घेतला नाही. हुशार माणूस होता, अर्ध्या उत्तरावर भागत असताना पुऱ्याच्या वाटेला कशाला जाईल?

हेस्टर परत फिरली होती. तिला कोणी खोटं बोलायला लावलं नव्हतं, ती बोललीही नव्हती. आता नुसतं भिंतीपर्यंत चालत जायचं होतं.

निरीक्षकांनी नाक पुसलं आणि सहज विचारलं, "सगळेच विचारायचे का हो?"

असा प्रश्न आलाच तर विल्फ डोळ्यांपुढे येईल आणि मग आपण बोलू, असं तिला रात्रभर वाटत होतं. विल्फ आला नाही. डोळ्यांपुढे आली ती तिची फरशी, आणि तिच्यावर या दारापासून त्या दारापर्यंत उमटलेले चिखलाचे ठसे. जन्मभर ती ते पुसत आली होती आणि पुढच्या वर्षी ते पुन्हा त्याच जागी उमटत होते. बाकी गावाने त्या फरशीवर काहीच ठेवलं नव्हतं. ते सगळे बूट पुसून आले होते.

"नाही, साहेब," ती म्हणाली. "रूबेन गिलार्ड विचारायचा नाही."

"कधीच नाही?"

"कधीच नाही. माझ्या वडिलांच्या वेळेपासून. त्याचा बापही विचारायचा नाही. रूबेन ठोठावायचा नाही, टोपी काढायचा नाही. माझ्या डोळ्यांदेखत जायचा."

थ्रेल उठले. आवाज अजून मऊच होता. "आणि आपण त्याला अडवलंत, मिसेस टॅपस्कॉट."

"बूट पूस म्हणायचे."

हॉलमध्ये खसखस पिकली. निरीक्षकांनीही रुमाल तोंडाशी नेला.

"मग पुसायचा?"

"एकदाही नाही."

"आपण इस्टेटीच्या नोकरीत होता. त्याला बाहेर काढणं आपलं काम होतं."

"होतं," हेस्टर म्हणाली. "ते मी केलं नाही. फरशी धुतली." आपण आत्ता काय केलं ते तिला पुरतं कळत होतं. आपण घर दिलं, आईची चूल दिली, दोन्ही दारं दिली, आणि तीही कोणासाठी, तर ज्याने जन्मात एकदा बूट पुसले नाहीत त्याच्या नावावर. तिला भयंकर भीती वाटली. आणि भीतीच्या खाली कुठेतरी, लाज वाटावी इतकं हलकं वाटलं.

उन्हाळ्यात निकाल लागला. कुलूप सगळ्यांसाठी होतं, आणि एक जण राखणदाराच्या देखत न विचारता जात होता म्हणजे त्याने खरं तर कोणालाच थांबवलं नव्हतं, असं निरीक्षकांनी लिहिलं. वाट लोकांची ठरली. चर्चची घंटा वाजवली गेली, दारूच्या गुत्त्यात गाणी झाली. दुसऱ्या आठवड्यात थ्रेल स्वतः हेस्टरकडे आले. बूट पुसले, बसू का विचारलं, आणि कंपनीला हे घर आपल्या कारकुनासाठी लागणार आहे हे अतिशय खेदाने सांगितलं. साखर विचारूनच घेतली. हेस्टरला भयंकर राग आला, आणि तो काढायला फरशीसुद्धा आता तिची उरली नव्हती.

गावाच्या टोकाला सरकारी चाळीत तिला घर मिळालं. लहान, उबदार, कोरडं. पण पुढच्या दाराने आत शिरून मागच्या दाराने बाहेर पडलं की समोर कोळशाची कोठी. पहिले कित्येक दिवस ती सवयीने आरपार चालत जायची आणि कोठीपाशी येऊन थबकायची. संध्याकाळी विल्फकडे जायची ती आता पूर्वीपेक्षा लांबून. वाटेत स्वतःच्याच घरावरून जावं लागे. तिथे नवे पडदे लागले होते. गावाला तिची जाणीव नव्हती असं नाही. पण अशा गोष्टी तोंडाने बोलणं त्यांना जमत नाही. ते तिच्या दारात मुरंब्याच्या बरण्या ठेवायचे आणि तिला त्रास नको म्हणून न ठोठावताच निघून जायचे.

मग फेब्रुवारीतला पहिला मंगळवार आला. आदल्या दिवशी तिने पाव भाजले. का भाजले ते तिला सांगता आलं नसतं, हातांना दुसरं काही सुचेना एवढंच. मोठं ताट फडक्याने झाकून ती फाटकाकडे गेली.

फाटक सताड उघडं होतं. कुलूप नव्हतं. आणि फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला, गाव उभं होतं. पाववाल्याची बायको, चर्चचे व्यवस्थापक, मिस पिनॉक, आणखी पंधरा-वीस जण. दोघा-तिघांच्या घोळक्यांत उभे होते, एकमेकांशी हवेबद्दल बोलत होते. एरवी वर्षभर याच फाटकातून हीच माणसं बिनदिक्कत जात. पण आजच्या दिवशी विचारल्याशिवाय जायची सवयच त्यांच्या पायांना नव्हती.

"आता विचारायचं कुणाला, तेच कळेना," मिस पिनॉक ओशाळून म्हणाली.

हेस्टरने आपल्या जुन्या दाराकडे पाहिलं. दार बंद होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ताट दोन्ही हातांत असल्यामुळे ते पुसता आलं नाही.

तेवढ्यात गल्लीतून रूबेन आला. गुडघ्यापर्यंत चिखल. लोक बाजूला झाले. हा कोणाकडे न बघता सरळ आत जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि हा गेला की आपल्यालाही जाता येईल, असंही त्यांच्या मनात असावं. तो फाटकापर्यंत गेला. एक पाय आत टाकला. मग मागे वळला आणि हेस्टरसमोर येऊन उभा राहिला.

त्याने टोपी काढली. त्याला टक्कल पडलंय हे गावाला त्या दिवशी कळलं.

"पाव घेऊ का, हेस्टर?"

हेस्टरच्या तोंडून जे बाहेर आलं ते जन्मभराच्या सवयीने आलं.

"आधी बूट पूस."

मग दोघांनीही खाली पाहिलं. तिथे पायपुसणं नव्हतं, उंबरा नव्हता, फरशी नव्हती. नुसता रस्ता होता, आणि रस्त्यावरही चिखलच होता. रूबेन काही क्षण तसाच उभा राहिला. मग रस्त्याच्या कडेच्या गवतावर गेला आणि बूट पुसायला लागला, आधी उजवा, मग डावा, मग पुन्हा उजवा, टाच, चवडा, कडा, काही म्हणता काही न सोडता. हेस्टर ताट धरून वाट बघत राहिली, आणि त्याने परत येऊन पाव उचलेपर्यंत तिचे पाय जागचे हलले नाहीत.